पाय न टेकता

ऑक्टोबरमधला रविवार, सकाळचे दहा. यॉर्कशरमधल्या वॉर्फडेलच्या एका ओढ्यात मी गमबूट घालून उभा होतो. हातात पाटी, तिच्यावर प्लास्टिकखाली दडवलेला कागद आणि कागदावर रकाने. समोर चाळीसेक पावलांचा ओढा होता. शेवाळलेले दगड, मधोमध झाडाची एक आडवी मुळी आणि शेवटी कमरेएवढा गोल धोंडा. उजव्या हाताला लाल खुणा, डाव्या हाताला निळ्या. या दोन खुणांच्या मधून जायचं.

सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ फटफटीवर उभे राहून ओढ्यात उतरले. वेग माणसाच्या चालीएवढा, कदाचित त्याहूनही कमी. इंजिनचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. मुळीपाशी त्यांनी पुढचं चाक वीतभर उचललं आणि पलीकडे अलगद ठेवलं. धोंड्याजवळ मागचं चाक शेवाळावर सरकलं, तसा डावा बूट अर्धा क्षण दगडाला लागला आणि परत फूटरेस्टवर गेला. गाडी वर चढली. मी एक बोट वर केलं. त्यांनी मान हलवली. कागदावर लिहिलं: एक.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्याकडे तो फारसा खेळलाच गेला नाही. मोटारसायकलचा खेळ म्हटलं की धुरळा, उड्या आणि शंभरावर गेलेला काटा डोळ्यांसमोर येतो. इथे घड्याळाला जवळपास काम नसतं. अवघड जागेतून पाय न टेकता जायचं, एवढंच. पाय एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात, खुणेबाहेर गेलात, किंवा आमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे गाडी जागेवर थांबली, की पाच. एकदाही पाय न टेकता पार झालात तर शून्य, आणि शून्य हीच इथली सर्वांत मोठी कमाई. असे दहा सेक्शन, त्यांचे चार फेरे, म्हणजे दिवसाला चाळीस परीक्षा. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात बाबा टर्नर होते. लेथवरून निघणाऱ्या निळसर, गरम चुरीचा वास हा माझ्या लहानपणाचा वास. नोकरीनिमित्त वेस्ट यॉर्कशरमध्ये आलो तेव्हा शेजारी एक निवृत्त जॉबर भेटले. लोकरीच्या गिरणीत माग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. इचलकरंजीतल्या जॉबरची बोटं जशी काळवंडलेली आणि जाड असतात, अगदी तशी त्यांची. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारतो, पण लिहायला बसलं की 'आजोबा' हाच शब्द येतो, तर तोच राहू दे. त्यांनी एका शनिवारी कुंपणावरून विचारलं, "उद्या एक माणूस कमी पडतोय. ओढ्यात उभं राहून पाय मोजशील का?" मी गेलो. परत येताना बोटं गारठून गेली होती आणि डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. दीडशे वेळा माणसं माझ्यासमोरून त्याच ओढ्यातून गेली होती आणि प्रत्येकानं तो वेगळा वाचला होता.

पुढच्या मार्चमध्ये मी एक जुनी गाडी घेतली. २५० सीसी, टू-स्ट्रोक.

ही गाडी नेहमीच्या मोटारसायकलसारखी दिसत नाही. सीट नसतेच. बसायचंच नाही, तर सीट कशाला? वजन सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. हँडल दोन्ही बाजूंना इतकं वळतं की गाडी जवळजवळ स्वतःभोवती फिरते. फूटरेस्ट रुंद, दातेरी आणि मागे सरकवलेले. फ्लायव्हील जड असतं, त्यामुळे रेस अगदी कमी असतानाही इंजिन दम धरतं, बंद पडत नाही. हँडलवर एक लोहचुंबकी बटण असतं आणि त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, बटण निघतं आणि इंजिन बंद होतं. ही दोरी बांधल्याशिवाय आजोबा मला किकसुद्धा मारू द्यायचे नाहीत.

पहिला धडा हवेचा. आपल्याकडे पंपावर गाडी नेली की "तीस पौंड भर" असं आपण सवयीनं म्हणतो. इथे मागच्या चाकात चार पौंड आणि पुढच्यात पाच-सहा. मोटारीचा हवा मोजायचा गेज इतका खालचा आकडा नीट दाखवतच नाही, त्यासाठी पंधरा पौंडांपर्यंतचा वेगळा गेज घ्यावा लागतो. मागचा टायर ट्यूबलेस, त्याच्या कडा मऊ आणि नक्षीचे ठोकळे बुटके, जवळजवळ बसवलेले. चार पौंडांवर तो टायर दगडाला नुसता टेकत नाही, दगडाच्या अंगावर पसरतो. ओल्या खडकावर पकड मिळते ती या पसरण्यामुळे. आजोबांनी मला गाडीवर उभं केलं, उड्या मारल्यासारखं अंग खाली दाबायला लावलं आणि स्वतः वाकून मागच्या टायरची कड किती दुमडते ते बघत राहिले. मग व्हॉल्व्हवर नख ठेवून हवा सोडली. फुस्स. परत बघितलं. परत फुस्स. गेज त्यांनी सर्वांत शेवटी लावला, स्वतःची खात्री करायला नाही, मला आकडा कळावा म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे घरच्या उबदार शेडमध्ये मोजलेली हवा डोंगरावरच्या थंडीत अर्धा पौंड उतरते. तीस पौंडांतला अर्धा पौंड कुणाच्या खिजगणतीतही नसतो. चारातला अर्धा म्हणजे आठवा हिस्सा. म्हणून हवा मैदानावर पोहोचल्यावरच मोजायची.

दुसरा धडा हँडलवरच्या दोन दांड्यांचा, क्लच आणि पुढचा ब्रेक. दोन्ही एकाच बोटानं चालवायच्या असतात. उरलेल्या तीन बोटांनी आणि अंगठ्यानं हँडल धरून ठेवायचं, कारण तोल जातो नेमका तेव्हाच, जेव्हा मूठ सुटलेली असते. दांडी आत सरकवून अशी बसवायची की तिचं टोक तर्जनीच्या पेरात यावं. उभं राहून हात सरळ पुढे केला की मनगट न मोडता बोट दांडीवर पडलं पाहिजे. आणि एक बारकावा, जो कुठल्याही गाडीला लागू आहे: दांडीचा क्लॅम्प पूर्ण आवळायचा नाही. हातानं जोर लावला तर फिरेल इतपतच कसायचा. गाडी दगडावर पडली की दांडी फिरते, मोडत नाही. मी पहिल्या महिन्यात किमान शंभर वेळा पडलो असेन, आणि दांडी एकही मोडली नाही.

मग कार्बोरेटर. आमची पिढी फ्युएल इंजेक्शनवर आली, एअर स्क्रू फिरवायची सवय मोडली. पण या गाडीत सगळा खेळ बंद आणि किंचित उघडलेल्या ॲक्सिलरेटरच्या मधल्या केसभर जागेतला आहे. तिथे इंजिन अडखळलं की चाक घसरलंच. आजोबा इंजिन नीट गरम करायचे, एअर स्क्रू दीड आटा सैल करायचे आणि तिथून पाव-पाव आटा इकडेतिकडे फिरवत कान लावून बसायचे. रेस आपोआप चढते ती जागा सापडली की तिथे थांबायचं आणि मग आयडलिंगचा स्क्रू खाली आणायचा. उद्यमनगरात बाबा लेथच्या आवाजावरून कट किती खोल गेलाय ते सांगायचे. ते ऐकणं आणि हे ऐकणं एकाच जातीचं होतं. म्हणूनच कदाचित मी या कामाला इतक्या लवकर लागलो.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं हे आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्यांना सांगायला नको. चेतकला लिटरमागे साधारण वीस मिलि लागायचं. आजच्या ट्रायल्सच्या गाडीला लिटरमागे बारा-तेरा मिलि पुरतं. कमी पडलं तर पिस्टन धरतो. जास्त झालं तर प्लग काळा होतो, आणि ओढ्याच्या मध्यावर गाडी ठसकते.

क्लचनं मला दोन महिने छळलं. सकाळी पहिल्यांदा गिअर टाकला की दांडी दाबलेली असूनही गाडी पुढे उडी मारायची. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच-प्लेटा ऑइलमुळे एकमेकींना चिकटून बसतात. तात्पुरता उपाय सोपा आहे: इंजिन बंद, गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबून गाडी मागेपुढे ढकलायची, प्लेटा सुटेपर्यंत. कायमचा उपाय करायला आम्ही एका रविवारी साइड कव्हर काढलं. प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या आणि वर्तमानपत्रावर क्रमानं मांडल्या. घर्षणाच्या पट्ट्यांच्या मधल्या खाचांत चिकटवताना सांडलेल्या गोंदाचे वाळलेले थेंब होते. ऑइलला वाहून जायला जागाच नव्हती. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोथट पात्यानं एकेक खाच मोकळी केली. दुपार गेली. त्यांच्या बायकोनं दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा तो थंड झाला. संध्याकाळी ताजं ऑइल भरून पहिला गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. क्लच हळूहळू सोडला, तशी ती लोण्यातून सुरी जावी तशी पुढे निघाली. ट्रायल्समध्ये क्लच म्हणजे नुसता चालू-बंद करायचा खटका नाही. गाडीची ताकद चाकापर्यंत किती थेंब पोहोचवायची, ते ठरवणारा नळ आहे तो.

धुण्याबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण गाड्या मरतात त्या चालवण्यानं नाही, चुकीच्या धुण्यानं. दिवसभर चिखलात लोळलेल्या गाडीवर जोराच्या पाण्याचा फवारा सोडायचा मोह होतो. तो फवारा चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या बेअरिंगवर, मागच्या शॉकअपच्या सांध्यांवर पडला की सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. दोन महिन्यांत बेअरिंग किरकिरायला लागतं. आजोबा सायलेन्सरच्या तोंडात बूच घालायचे, एअर फिल्टरचा डबा झाकायचे, दुरून साध्या पाइपचं पाणी सोडायचे आणि बाकी ब्रश. रेडिएटरच्या जाळीतला वाळलेला चिखल मऊ ब्रशनं, आडवा न घासता काढायचा. ही गाडी पळत नाही, त्यामुळे तिला वारा लागत नाही. इंजिन थंड राहतं ते केवळ रेडिएटरच्या छोट्या पंख्यावर. जाळी बुजली की पाणी उकळलंच. फिल्टरचा फोम दर खेपेला धुवायचा, वाळवायचा, ऑइलमध्ये भिजवून पिळायचा आणि बसवताना कडेला ग्रीस फिरवायचं. वर्षातून दोनदा मागचे सांधे खोलून नवं ग्रीस. शेवटी चाक हवेत उचलून ते फिरवत प्रत्येक तारेवर पान्यानं हलकेच टकटक करायचं. ताठ तार टण्ण वाजते, सैल तार ठप्प. नातवंडांना ते हेच काम द्यायचे, आणि पोरं कान देऊन करायची.

चालवणं शिकायला मात्र मला पाने-पकडी उपयोगी पडल्या नाहीत. पहिले तीन महिने आजोबांनी मला एकाही दगडावर चढू दिलं नाही. सपाट गवतात दोन विटा ठेवल्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायला लावला. उभं राहून, हँडल पूर्ण वळवून, पाय न टेकता. वाचायला सोपं वाटेल. गाडी डावीकडे वळताना डावीकडे कलते, आणि आपलं अंगही तिच्याबरोबर कलायला बघतं. तिथेच पाय टेकतो. अंग उलट दिशेला न्यायचं असतं: कंबर उजवीकडे, भार उजव्या फूटरेस्टवर, गाडी आपल्याखाली एकटी कलू द्यायची. गुडघे मोकळे. नजर विटेवर नाही, विटेच्या पुढे, जिथे जायचंय तिथे. एक बोट क्लचवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर किंचित टेकलेला, ॲक्सिलरेटर स्थिर. वेग बदलायचा तो क्लचनं आणि ब्रेकनं, मनगटानं नाही. जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी माझे सलग वीस आकडे निघाले. आजोबांनी काही न बोलता एक वीट उचलून दुसरीच्या जवळ आणली.

दगडावर चढायची वेळ आली तेव्हा कळलं की चढतं ते इंजिन कमी आणि गुडघे जास्त. दगडाच्या अलीकडे गुडघे वाकवून शॉकअप दाबायचे. ते परत उसळतात त्याच क्षणी क्लच सोडून पुढचं चाक हलकं करायचं. पुढचं चाक दगडाच्या वरच्या कडेला लागलं की अंग पुढे न्यायचं आणि फूटरेस्टवरचा भार काढून घ्यायचा, म्हणजे मागचं चाक भार नसताना वर येतं. भार न काढता नुसता ॲक्सिलरेटर पिळला, तर चाक जागेवर फिरतं, दगडावरचं शेवाळ सोलून निघतं, आणि मागून येणाऱ्यासाठी तो दगड आणखी वाईट होऊन बसतो. गाडी चालू करण्याआधी प्रत्येक सेक्शन पायी फिरून बघायचा असतो. जुनी मंडळी दगडावर बूट घासून बघतात, कुठला कोरडा, कुठला डुगडुगतो. मी त्यांच्या बुटांकडे बघत शिकलो.

हा खेळ जन्मला तो गाड्यांची परीक्षा म्हणून. शतकापूर्वी मोटारसायकल भरवशाची नव्हती. ती चढ चढेल का, दिवसभर टिकेल का, हे बघायला क्लब मुद्दाम वाईट रस्ते शोधायचे. एडिंबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबनं १९०९ साली स्कॉटलंडच्या डोंगरांत अशी अनेक दिवसांची चाचणी घेतली. तीच आजची 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल'. यॉर्कशरमध्ये १९१४ साली आल्फ्रेड अँगस स्कॉट या मोटारसायकल बनवणाऱ्यानं आपल्या कारखान्यातल्या कामगारांना दऱ्या-डोंगरांतून गाड्या न्यायचं आव्हान दिलं. त्याच्या नावाची 'स्कॉट ट्रायल' अजून आमच्या जिल्ह्यापलीकडे स्वेलडेलच्या बाजूला भरते, आणि तिथे मात्र दंडाबरोबर वेळही मोजतात. पुढे गाड्या सुधारल्या, चढ संपले. परीक्षा गाडीकडून माणसाकडे सरकली.

स्कॉटलंडमधली ही चाचणी दर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोर्ट विल्यम गावी भरते. दिवसाला ३० सेक्शन, सहा दिवसांत १८०. मध्ये दलदल, दगड, आणि साधे रस्तेसुद्धा. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन याने एजेएस गाडीवर हे सहा दिवस पार केले, तेव्हा त्याचा दंड होता फक्त एक. आठवडाभरात एकदाच पाय टेकला. तो टेकलेला पाय टिपलेलं छायाचित्र या खेळातलं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. जगात विजयाची छायाचित्रं ढिगानं निघतात, इथे लोकांनी एका चुकीचं छायाचित्र जपून ठेवलं, कारण बाकी सगळ्या जागी काय घडलं ते त्या एका चुकीमुळेच कळतं.

तोवर ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. बेलफास्टचा सॅमी मिलर ५०० सीसीच्या एरियलवर जिंकत होता. त्या गाडीचा नंबर, जीओव्ही १३२, इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. १९६४ साली बार्सिलोनाच्या बुल्टाको कंपनीचे संस्थापक फ्रान्सेस्क बुल्टो यांनी त्याला बोलावून घेतलं. मिलरनं तिथे बसून, चालवून, बदलून, पुन्हा चालवून एक हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली: शेर्पा टी. १९६५ साली त्यानं स्कॉटिश सिक्स डेज तिच्यावर जिंकली. टू-स्ट्रोक गाडीनं ती जिंकण्याची ती पहिली वेळ. चार-दोन वर्षांत जड ब्रिटिश गाड्या या खेळातून हद्दपार झाल्या आणि केंद्र कॅटलोनियात सरकलं. बुल्टाको, मोंटेसा, पुढे गॅस गॅस, सगळ्या तिकडच्याच. जगज्जेतेपदाची स्पर्धा १९७५ साली सुरू झाली तेव्हा पहिला जगज्जेता मात्र आमच्या बाजूचाच निघाला, मार्टिन लॅम्पकिन, आणि तोही बुल्टाकोवर. त्याचा मुलगा डगी १९९७ ते २००३ सलग सात वेळा जगज्जेता झाला. लॅम्पकिनांचं गाव सिल्सडेन माझ्या घरापासून फार लांब नाही. आमच्या क्लबात त्या घराण्याबद्दल कुस्तीच्या तालमीत जसं एखाद्या घराण्याबद्दल बोलतात, तसं बोलतात.

आता एक गोष्ट, जी मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती. आपली बुलेट या ओढ्यांतूनच आली आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डनं आपल्या नव्या बुलेटचे नमुने कोलमोर कप या ट्रायलमध्ये उतरवले. मागच्या चाकाला शॉकअप आणि हलती दांडी, म्हणजे स्विंग-आर्म. त्या काळी ट्रायल्सवाल्यांची ठाम समजूत होती की मागचं चाक चौकटीला घट्टच हवं, नाहीतर पकड जाते. बुलेटनं त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन सुवर्णपदकं मिळवली. त्यातलं एक व्हिक ब्रिटन याचं. त्याचा मुलगा जॉनी ब्रिटन यानं बुलेटवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. मधल्या १९५५ साली मद्रासला बुलेट बनायला लागली. बाबांची बुलेट १९७४ ची. तिचा मागचा शॉकअप दर दोन वर्षांनी बदलताना ते शिव्या घालायचे, तो शॉकअप कुठल्या वादातून आलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी बाबा आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम फोर्ट विल्यमजवळच्या किनलोकलेव्हनला नेलं. सहा दिवसांची चाचणी सोमवारी सुरू होते. त्याआधी तिथे १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांची दोन दिवसांची ट्रायल असते. गाव एका अरुंद खाडीच्या टोकाला. वरच्या धरणातलं पाणी जुन्या ॲल्युमिनिअम कारखान्याच्या वीजघरात आणणारे जाड पाइप डोंगरावरून खाली उतरतात. त्यांच्या कडेनं वर जाणारी दगडांची घळ म्हणजे 'पाइपलाइन' हा प्रसिद्ध सेक्शन. बाबांनी पाइप बघितले. "खोपोलीगत हाय की रं," म्हणाले.

पाऊस रिमझिमत होता. लोक डोंगराच्या उतारावर छत्र्या, डबे, थर्मास घेऊन बसले होते. बाबांना पहिला प्रश्न पडला तो गाड्यांबद्दल.

"ह्येला शिट न्हाई?"

"जुन्या गाड्यांना नावापुरती असते, बाबा. बसायचं नसतंच."

"आणि हवा?"

"मागं चार-पाच पौंड."

"चार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उद्यमनगरात नेली तर पंक्चर हाय म्हणून परत लावतील."

मग खालून तो आवाज आला. टू-स्ट्रोकची किणकिण नव्हे, जाड, दमदार ठोके, दोन ठोक्यांच्या मध्ये मोजता येईल एवढी जागा. बाबांनी मान वळवायच्या आधीच ओळखलं. "बुलेट." एक करडी, टाकी लहान केलेली, सायलेन्सर वर घेतलेली इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातली जुनी बुलेट घळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. चालवणारा बाबांच्याच वयाचा असावा. त्यानं वर बघितलं, शिटी झाली, आणि गाडी चढायला लागली. पहिला दगड, दुसरा, डावीकडची पायरी. कुठेही घाई नाही. मधल्या मोठ्या पायरीवर पुढचं चाक उसळलं, गाडी तिरकी झाली, माणसानं अंग उजवीकडे टाकलं आणि पाय फूटरेस्टवरच राहिले. बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता. शेवटच्या दगडावर त्याचा बूट एकदा टेकला. वरती निरीक्षक बाईंनी एक बोट उचललं.

"पाय लागला," बाबा म्हणाले. "पर रेस वाढवली न्हाई बघ त्यानं. एकदाबी न्हाई."

त्यानंतर दोन तास ते त्याच जागी, भिजत, प्रत्येक गाडीचे पाय मोजत उभे होते. माझ्याआधी आकडा सांगायचे, आणि बहुतेक वेळा निरीक्षक बाईंच्या बोटाशी तो जुळायचा.

सोमवारपासून नव्या गाड्या आल्या. फोर्ट विल्यमच्या स्पर्धेतली एक पद्धत मला विशेष आवडते: रात्री सगळ्या गाड्या एका आवारात कुलपात ठेवतात. दिवसभर दगडांत फुटलेली गाडी रात्री तुमच्या मेकॅनिकच्या हाती जात नाही. जे कसायचं, बदलायचं, ते चालवणाऱ्यानंच, नेमून दिलेल्या वेळात. हवा मोजता न येणारा, तार न वाजवता येणारा माणूस सहा दिवस टिकत नाही.

वरच्या पातळीवर हा खेळ आता डोळ्यांवर विश्वास बसू नये असा झाला आहे. कॅटलोनियाच्या टोनी बाउ यानं २००७ ते २०२४ एकही वर्ष न चुकता मैदानी आणि इनडोअर अशी दोन्ही जगज्जेतेपदं मिळवली, एकूण ३६. तिथलीच लाया सान्झ महिलांमध्ये तेरा वेळा जगज्जेती झाली आणि डाकार रॅलीतही उतरली. बाउ उभ्या भिंतीसारख्या खडकावर मागच्या चाकावर उड्या मारत चढतो. मी ते बघतो, टाळ्या वाजवतो. पण माझं मन लागतं ते आमच्या ओढ्यात. तिथे नऊ वर्षांची मुलगी छोट्या विजेच्या गाडीवर सोप्या वाटेनं जाते आणि तिचे आजोबा त्याच ओढ्याच्या अवघड वाटेनं. दोघांचा कागद एकच निरीक्षक लिहितो. असा दुसरा मोटारखेळ मला माहीत नाही.

या खेळाला खरी अडचण पैशांची नाही. जागा शेतकरी देतात, अट एकच: फाटकं लावून घ्या आणि दगडी कुंपणाला हात लावू नका. अडचण आहे ती ओढ्यात उभं राहणाऱ्या माणसाची. दहा सेक्शनला किमान दहा निरीक्षक लागतात. त्यांना बक्षीस नसतं, छायाचित्र नसतं, दिवसभर थंडी असते. ती माणसं मिळाली नाहीत की ट्रायल रद्द होते, कितीही चांगले चालवणारे असोत. आमच्या क्लबची एक या वर्षी अशीच रद्द झाली. आजोबांचे गुडघे आता चालत नाहीत, पण दर महिन्याला खुर्ची घेऊन ते सेक्शनच्या कडेला बसतात आणि पाय मोजतात.

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, ग्लासगो इथली मराठी मंडळी हा अंक वाचत असतीलच. रविवारी सकाळी तुमच्या जवळच्या ट्रायल्स क्लबच्या सचिवाला एक निरोप टाका: निरीक्षक म्हणून येतो. गाडी लागत नाही, चालवता यावी लागत नाही. पहिल्या दिवशी अनुभवी माणसाशेजारी उभं करतात. मुलांना घेऊन या, डब्यात चिवडा आणा, तो तिथे सगळ्यांना आवडतो. गमबूट हवेत, रेनकोट हवा आणि लिहायला पेन्सिल. पेन आणू नका, ओढ्यातल्या पावसात शाई टिकत नाही.